छाट

रोग पहिल्यांदा दिसला तो विडी कारखान्याच्या वहीत,
कातडीवर नव्हे.
मालन घस्ते, या नावापुढं
हजारी पन्नास छाट, मग दीडशे,
मग एका शनिवारी साडेतीनशे.
दिवाणजीनं सैल विड्या चिमटीत धरून
तिच्यादेखत चुरगाळल्या.
'लक्ष कुठं असतंय गं हल्ली?'

लक्ष सुपातच होतं.
बोटंच कुठं तरी निघून गेली होती
हाताला तशीच ठेवून.

मी तेव्हा निपाणीत सर्वेक्षणाच्या कामावर.
गल्ली संपेस्तोवर घरं मोजायची,
अंगावर फिकट चट्टा आहे का विचारायचं.
पिशवीत टोपणाचा पेन, कापूस, नायलॉनचे धागे
आणि एक फॉर्म कन्नडमधला,
जो मला अडखळत वाचता यायचा, तिला अजिबात नाही.
जर्द्याच्या धुळीनं दोघंही शिंकत होतो.

'डोळे मीट. टेकलं की बोट ठेव तिथं.'
करंगळीला टेकवलं, तिनं मनगट दाखवलं.
तळव्याला टेकवलं.
ती जरा थांबली,
आणि मला वाईट वाटू नये म्हणून
अंदाजानं अंगठा दाखवला.

तळव्यावर तव्याच्या कडेची खूण होती, जुनी.
कधी भाजलं?
'ठावं न्हाई. करपल्याचा वास आला म्हणून बघिटलं,
तर भाकरी चांगली हुती.'

कोपरामागची शीर चाचपली.
दाराला आपटलं की आपल्याला झिणझिणतं, तीच.
सुतळीएवढी जाड झालेली,
जणू आत कुणी दोरा गुंडाळत बसलंय
एकाच विडीला, दोन वर्षं.

'मुंग्या यायच्या का?'
'यायच्या की ओ. लई यायच्या.
मग मुंग्या पण गेल्या.'

पेनानं तिच्या हातावर मी रेघ ओढली.
इथवर कळतं, इथून पुढं नाही.
'हद्द काढलासा व्हय?' ती हसली.
'काढा. आमच्याकडं सगळ्यांनी काढल्यात.'

बारा पाकिटं, महिन्याला एक.
पाकीट ती पिठाच्या डब्यात ठेवायची.
लघवी लाल झाली तेव्हा घाबरली नाही, मी सांगितलं होतं.
तोंड काळवंडलं तेव्हा मात्र
जावेला म्हणाली, उन्हानं.
जावेनं ऐकून घेतलं
आणि दुसऱ्या दिवसापासून तिची कपबशी
खिडकीत वेगळी ठेवली.
त्याची गोळी माझ्या पिशवीत नव्हती.

वर्षानं डॉक्टरांनी कार्डावर सही केली. बरी झाली.
जंतू मेले हे खरंच.
फॉर्ममध्ये रकाना तेवढाच होता.
करंगळी अन् शेजारचं बोट
वाकलेलीच राहिली, कुणाला तरी बोलवत असल्यासारखी.

ती परत विड्या करू लागली.
आता पान बघून कापते, जर्दा बघून भरते,
दोरा बघून आवळते.
पूर्वी हात चालायचे आणि डोळे गल्लीभर फिरायचे,
आता कुणाचं लग्न ठरलं हेही
ती मान वर न करता ऐकते.
छाट पन्नासवर आली.
दिवाणजीला वाटतं, त्याच्या बोलण्यानं सुधारली.

परवा तिकडून जात होतो, नोकरी सुटल्यावर सहज.
वीज गेली.
ओट्या-ओट्यावर अंधार, आणि अंधारात
कात्र्यांचा आवाज तसाच चालू,
कुणी थांबलं नाही, हसणंसुद्धा तुटलं नाही.
विडीला उजेड कशाला लागतो?

एक कात्री तेवढी थांबली.

'बसा की सर,' ओट्यावरून मालन म्हणाली,
'लाईट येऊ दे, मग च्या करती.'
शेजारच्या हुसेनबीनं काही न बोलता
तिचं सूप आपल्या मांडीवर ओढून घेतलं.
मी पायरीवर बसलो,
आणि अंधारात, कुणी बघत नाही असं धरून,
स्वतःचं कोपर चाचपलं.